चाकाची निवड : इंदापूर तालुक्यातील वाहनचाकांच्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वाहनाला कोणते चाक बसवावे, हा प्रश्न वरकरणी हौसेचा वाटतो. मिश्रधातूचे, म्हणजेच ‘अलॉय’ चाक निवडताना आज रूपाचा विचार प्रथम होतो. परंतु शेळगाव ज्या इंदापूर तालुक्यात वसले आहे, तेथे रस्ता, भार आणि दुरुस्ती या कसोट्यांवरच चाक बदलत गेले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे.

दगडी चाक ते धाव :
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागातील मालवाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होई. गाड्या थोड्या आणि त्यांची चाके भरीव, काही तर दगडी, असत. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात ३० वर्षांच्या मुदतीची साराआकारणी केली. त्याच काळात भूमापन अधिकारी लेफ्टनंट गेसफर्ड यांनी हलकी, सुधारलेली गाडी प्रचारात आणली. तिच्या निर्मितीसाठी टेंभुर्णी येथे कारखाना निघाला. सारा रोखीने भरणाऱ्या शेतकऱ्यास धान्य बाजारी नेण्याचे साधन यामुळे लाभले.
आऱ्यांचे चाक गावातच घडत असे. सुतार तुंबा, आरे व पुठ्ठे जुळवी. लोहार तापलेली धाव चढवून पाणी ओती. आकुंचन पावलेली धाव सर्व सांधे आवळून धरी. चाक मोडले तरी गाव अडत नसे.

टायरगाडी :
१८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला. पुढे वालचंदनगर व भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. भिजलेल्या काळ्या रानात अरुंद धाव रुतते. हवेचा टायर मात्र भार पसरवितो आणि बेअरिंगमुळे घर्षण घटते. त्यामुळे दोनच बैलांकडून अधिक ऊस ओढणे शक्य झाले. तथापि वाढलेला भार बैलांच्या खांद्यावरच आला. चाकाचे काम सुतार-लोहारांच्या हातून गेले. ऊसतोड मजुरांना अनेकदा कारखान्याचीच गाडी घ्यावी लागल्याने निवडीचा अधिकारही चालकाकडून निसटला.

अलॉय चाक :
पुण्याच्या बजाज ऑटोने २००५ मध्ये पल्सर मोटारसायकलला अलॉय चाके दिली. अशा चाकात आरे ताणण्याचे काम उरत नाही. मोटारीत ते बसविताना बोल्टांची संख्या व त्यांचे अंतर, मध्यछिद्र, रुंदी, ऑफसेट आणि भारक्षमता जुळणे आवश्यक असते; नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावे लागतात. खड्ड्याच्या आघाताने पोलादी चाक बहुधा वाकते व ठोकून सरळ करता येते; ओतीव अलॉय मात्र तडकू शकते.

निष्कर्ष :
प्रत्येक नव्या चाकाने वेग वा भारक्षमता वाढविली, त्याचबरोबर दुरुस्ती गावापासून दूर नेली. म्हणूनच चाक निवडताना ‘ते कसे दिसते?’ याआधी ‘ते मोडल्यास कोण सांधणार?’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.