क्रोशाची शाल : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन (विचुंबे, ता. पनवेल या परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक :

नवीन पनवेलला लागून असलेले विचुंबे हे मूळचे भातशेतीचे गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या संपूर्ण पट्ट्याचे स्वरूप पालटू लागले. पुढे २०१३ मध्ये अधिसूचित झालेल्या नैना क्षेत्रात विचुंब्याचाही अंतर्भाव झाला. जमिनीच्या या स्थित्यंतराची कागदपत्रे विपुल आहेत. मात्र त्याच काळात घराघरांतून स्त्रियांच्या हातून जे काम झाले, त्याची नोंद सातबाऱ्यावर नाही आणि जनगणनेच्या व्यवसायविषयक रकान्यातही सहसा नाही. प्रस्तुत लेखात क्रोशाने विणलेली शाल व पांघरूण यांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार केला आहे. वस्तू विणणारीचे नाव आणि विणल्याचे साल बहुधा हरवलेले असते. अशा वेळी ज्या धाग्याने ती विणली तो धागाच सर्वांत बोलका पुरावा ठरतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

घोंगडी व गोधडी :

उत्तर कोकणात पांघरुणाने थंडीपेक्षा पावसाशी अधिक झुंज दिली. भातलावणीच्या दिवसांत डोक्यावर इरले किंवा घोंगडी घेतली जाई. घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची, म्हणजे देशावरची. पावसाळा सरल्यावर धनगरांचे काही कळप घाट उतरून कोकणात येत आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या जात. घोंगडी विणणारे सनगर मात्र सातारा, सांगली, सोलापूर या भागांतले. खड्डामागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देऊन ते घट्ट वीण साधत. ही लोकर जाडीभरडी, केसाळ आणि टोचरी असते. पाऊस अडवण्यास ती उत्तम असली, तरी तान्ह्या बाळाच्या गालाशी नेण्याजोगी नाही. अंथरूण-पांघरुणासाठी घरोघर जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली जाई आणि ती सुतीच असे. तात्पर्य, सुईने एकेक फास ओढून वस्त्र निर्माण करण्याची क्रोशाची रीत घोंगडी वा गोधडी यांतून उद्भवलेली नाही. ती नव्या धाग्याबरोबर आणि नव्या शाळेबरोबर आली.

शाळा, अर्थार्जन आणि रुखवत :

क्रोशाकाम युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. १८४५ पासूनच्या आयर्लंडमधील भीषण दुष्काळात क्रोशाची लेस विणणे हे अनेक कुटुंबांचे उपजीविकेचे साधन झाले. भारतात ही कला प्रामुख्याने मिशनरी स्त्रियांमार्फत पसरली. आंध्रातील नरसापूर येथे तर तिच्यावर आधारलेला निर्यातव्यवसायच उभा राहिला. मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील विरोधाभास दाखवून दिला : जगाच्या बाजारपेठेसाठी दिवसभर विणणाऱ्या स्त्रिया कामगार न ठरता ‘रिकाम्या वेळात’ विणणाऱ्या गृहिणी ठरत आणि मजुरी त्याच हिशेबाने मिळे.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन सुरू केले, तर पुण्यातील सेवासदनाचे कार्य १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. स्त्रीशिक्षणाच्या या प्रवाहात शिवण, भरतकाम, विणकाम यांना स्थान मिळाले, ते स्त्रीला चार पैसे मिळवता यावेत म्हणून. मध्यमवर्गीय घरांत मात्र या विद्येची दिशा बदलली. अर्थार्जनासाठी शिकवलेली कला वधूच्या गृहकृत्यदक्षतेचा दाखला म्हणून रुखवतात मांडली जाऊ लागली. तोरणे, रुमाल, टेबलावरील आच्छादने पाहुण्यांनी न्याहाळली, वाखाणली, पण त्यांना किती तास लागले हे कोणी विचारले नाही. (सत्कारप्रसंगी दिली जाणारी शालसुद्धा आपण दुकानातूनच आणतो. हाताने विणलेली शाल घरच्याच माणसासाठी राखलेली असते.) क्रोशाची खरी वीण यंत्रावर होत नाही हे ध्यानात घेतले, तर साखळी, मुका खांब आणि खांब यांतला प्रत्येक टाका म्हणजे कुणाच्या तरी हाताचे काम होय. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नई येथे ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण मांडून गिनीज विक्रम केला. मोजमाप झाले ते विक्रमाच्या निमित्ताने, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

धाग्याचा पुरावा :

वस्तूच्या आतून निघालेला एखादा सुटा धागा जाळून पाहिला, तर पुष्कळ कळते. लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, ती आचेतून काढताच बहुधा विझते आणि राख चुरगळते. सूत कागदासारखे भुरुभुरु जळून मऊ, करडी राख उरते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. ॲक्रिलिकच्या धाग्याचे व्यापारी उत्पादन अमेरिकेत १९५० मध्ये सुरू झाले, म्हणून त्या धाग्याची शाल त्यापूर्वीची असूच शकत नाही. ‘आजेसासूबाईंच्या लग्नातली’ म्हणून दाखवलेल्या वस्तूचे वय येथे तपासता येते.

पनवेलपासून फार दूर नसलेल्या ठाण्यात रेमंडची लोकरगिरणी १९२५ मध्ये सुरू झाली. तिचे आरंभीचे उत्पादन मुख्यतः जाड्याभरड्या ब्लँकेटांचे होते. हातविणीच्या लोकरीसाठी नाव झाले ते लुधियान्याचे. तेथून येणाऱ्या गुंड्यांत पुढे ॲक्रिलिकचा भरणा झाला, तरी बोलीत त्याला ‘लोकर’च म्हणत राहिले. कसर लागत नाही, धुतल्यावर आटत नाही, रंग भडक आणि किंमत कमी, ही त्याच्या प्रसाराची कारणे दमट हवेच्या पनवेलीत विशेष पटणारी होती. क्रोशाला सुयांवरील विणीपेक्षा धागा अधिक लागतो, त्यामुळे किमतीचा प्रश्न गौण नव्हता.

तथापि बाळंतविड्यासाठी हा धागा निवडणे निर्धोक नाही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, ओवा-शेपांची धुरी दिली जाते. निखाऱ्याची ठिणगी पडल्यास ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटते. शिवाय ते घाम शोषत नाही. आपल्या हवेत बाळाच्या शालीसाठी मऊ सुती दोरा अधिक योग्य होय, आणि वीणही मुक्या खांबांची, दाट असावी. खांबांच्या जाळीत बाळाची बोटे अडकतात.

अशा वस्तूची नोंद करताना धाग्याचा प्रकार, पदर, वजन आणि विणीचा क्रम यांसोबत रंगातील फरकही टिपावा. एकाच शालीत मध्येच निळ्याची छटा किंचित बदलते, ती बहुधा धागा दुसऱ्या रंगणीतला असल्यामुळे. म्हणजे सर्व गुंडे एकाच वेळी घेतले गेले नसावेत. घरखर्चातून पैसे उरतील तसे दोन-दोन आणले गेले असावेत, आणि मधल्या काळात शाल अर्धवट स्थितीत पिशवीत पडून राहिली असावी.