‘मोडनिंब’ पडद्यावर कसे आले

माढा तालुक्यातले मोडनिंब कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर आहे, आणि संगणकाच्या दृष्टीने त्याच्या नावात एक अवघड जागा आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर हे नाव टंकताना कळा दाबल्या जातात त्या म, ओकार, ड, न, पहिली वेलांटी, अनुस्वार, ब अशा, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. पडद्यावर मात्र वेलांटी ‘न’च्या डावीकडे जाऊन बसते आणि अनुस्वार डोक्यावर चढतो. वाचणाऱ्याला अक्षरे चार दिसतात: मो, ड, निं, ब. युनिकोडमध्ये त्यांचे संकेत सात होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवले तर बाइट एकवीस. यांतला कोणता आकडा केव्हा धरायचा हे ज्या एडिटरला कळत नाही, त्यात कर्सर अक्षराच्या पोटात अडकतो, खोडताना हवे त्यापेक्षा कमी किंवा जास्त पुसले जाते, ओळ भलतीकडेच तुटते. लिहिण्याचे साधन जुन्या काळ्या पडद्यावरून खिडक्यांच्या जगात नेणे, ज्याला पोर्टिंग म्हणतात, ते वरवर पाहता मेनू, बटणे आणि स्क्रोलपट्टी जोडण्याचे काम वाटते. मराठीपुरती त्याची कुळकथा तपासली तर मुद्दा वेगळाच निघतो. अक्षरे एकमेकांत कशी जुळतात हे ज्ञान कुठे ठेवायचे, पडद्यापाशी, कळफलकापाशी की त्या दोहोंच्या पलीकडे, कार्यप्रणालीत? गेल्या चाळीसेक वर्षांत या ज्ञानाने तीन घरे पाहिली, आणि मराठी कागदपत्रांचे बरेवाईट त्या त्या घरावरून ठरले.

इंग्रजीला हा प्रश्न बराच काळ पडलाच नाही. आयबीएम पीसीवरच्या डॉसच्या काळात मजकुराचा पडदा म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळींची जाळी होती. प्रत्येक चौकटीला दोन बाइट, एक अक्षराचा आणि दुसरा रंगाचा. सगळे मिळून ४,००० बाइट. एडिटरने अक्षराचा संकेत त्या जागी टाकला की अक्षर उमटले. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या ‘व्हीआय’चीही रचना टर्मिनलच्या अशाच जाळीवर उभी होती. एक बाइट म्हणजे एक अक्षर, एक अक्षर म्हणजे एक चौकट, हे गृहीत इतके अंगवळणी पडले होते की कार्यक्रमात ते वेगळे लिहिलेलेही नसे. कर्सर हलवण्यात, ओळ मोजण्यात, खोडण्यात ते सगळीकडे मुरलेले असे. त्या गृहीतात ‘निं’ बसत नाही. ‘कुर्डुवाडी’तला रफार तर अजिबात बसत नाही, कारण तो टंकला जातो ‘ड’च्या आधी आणि दिसतो ‘ड’च्या माथ्यावर, खाली उकार असताना.

पहिले उत्तर हार्डवेअरमधून आले. कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्र विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम तिथे आले, आणि मोहन तांबे हे त्यातले प्रमुख नाव. जिस्ट कार्ड पीसीच्या आत बसवायचे. मजकूर साठायचा तो उच्चाराच्या क्रमाने, आठ बिटांच्या संकेतांत. जोडाक्षर घडवून पडद्यावर उमटवण्याची जबाबदारी कार्डाची. त्या संकेतांचे प्रमाणीकरण होऊन १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक, आयएस १३१९४, आले. त्यात खालचा अर्धा भाग इंग्रजीला जसाच्या तसा ठेवला आणि वरच्या अर्ध्यात भारतीय वर्ण बसवले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना संकेत समान दिले, ही त्यातली सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट. देवनागरीत लिहिलेले ‘मोडनिंब’ एकही बाइट न बदलता कन्नड किंवा तेलुगू लिपीत दाखवता येई. मराठी, कन्नड आणि तेलुगू एका बाजारात ऐकू येणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मजकूर आणि त्याचे चित्र या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा त्या काळात दुसरा सापडणे कठीण. तंत्राच्या मर्यादाही होत्या. कार्ड प्रत्येक यंत्रात विकत घेऊन बसवावे लागे, आणि आठवा बिट मोकळा नसलेल्या कार्यक्रमांशी या पद्धतीचे जमणे अवघड होते. जुना वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर स्वतःची खूण करायला नेमका तोच बिट वापरी.

मग विंडोज आले आणि ज्ञानाने घर बदलले. पडदा आता चित्रांचा होता. अक्षरे काढणे कार्यप्रणालीकडे गेले, आणि १९९० च्या दशकातल्या त्या कार्यप्रणालीला जोडाक्षर कशाशी खातात हे ठाऊक नव्हते. म्हणून आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींनी दुसरा मार्ग काढला. फॉन्टमधल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: अर्धा न, काना, आखूड वेलांटी, रुंद वेलांटी, अनुस्वारासहित वेलांटी. टंकणाऱ्याने कळ दाबली की कळफलकाचा चालक कार्यक्रम योग्य तुकडे निवडून योग्य क्रमाने मजकुरात टाकी. फाइलमध्ये उच्चार उरला नाही, तुकड्यांची रांग उरली. त्या रांगेत ‘निंब’मधली वेलांटी ‘न’च्या आधी येते, आणि ती अनुस्वारासहित एका तुकड्यात आहे की दोन वेगळ्या, हे फॉन्टवर अवलंबून राहते. कागदावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी; शोधायला गेले तर एकाला दुसरे सापडत नाही. फॉन्ट हरवला की सगळे पान उच्चारचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांचे दिसू लागते. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांच्या काळात कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे, तसा मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना परिवर्तक कार्यक्रमातून उतरवावा लागला, आणि वाटेत सांडणारे सांडले.

यावर आक्षेप येतो तो वजनदार आहे. याच फॉन्टांनी मराठी वर्तमानपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका सुबक छापल्या; तालुक्याच्या गावापर्यंत डीटीपीचा धंदा पोचवला; पानमांडणीच्या पेजमेकरला जोडाक्षर शिकवण्याची वाट पाहत बसले असते तर दशकभर मराठी अक्षर खिळ्यांवरच राहिले असते. हे सगळे खरे आहे, आणि त्या अक्षरकारांचे काम उत्तम आहे. छपाईत शेवटी आकारच हवा असतो, म्हणून तिथे ही तडजोड खपली. एडिटरचे काम मात्र छापण्याआधी सुरू होते आणि छापल्यानंतरही संपत नाही. यादी अकारविल्हे लावायची असते, शेतकऱ्याचे नाव हजारो नोंदींतून काढायचे असते, दहा वर्षांनी दुरुस्ती करायची असते. आणि या प्रणालींच्या कर्त्यांना उच्चारक्रम माहीत नव्हता असेही नाही. तो त्यांच्या कळफलक-चालकात पूर्ण शाबूत होता. कळ दाबण्याच्या क्षणी वापरला जाई आणि लगेच टाकून दिला जाई. ज्ञान होते, ते दाराशीच थांबले.

तिसरे घर विंडोज २००० मध्ये बांधले गेले. युनिस्क्राइब हा अक्षरजोडणीचा थर आणि मंगल हा फॉन्ट त्यासोबत आले. युनिकोडचा देवनागरी विभाग १९९१ मध्ये इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला असल्याने उच्चाराचा क्रम तिथे आपोआप परतला. लिनक्सवर पँगोने आणि पुढे हार्फबझने हेच काम घेतले, आणि रेड हॅटच्या पुणे कार्यालयातून सांभाळले गेलेले लोहित फॉन्ट त्याच्या जोडीला होते. आता ओझे एडिटरवर आले: स्वतःच्या जाळीचा हट्ट सोडून मजकुराचा सलग तुकडा या थराच्या हवाली करायचा, आणि कोणते चित्र कुठे पडले हे उत्तर त्याच्याकडून घ्यायचे. व्हीआयच्या वंशातल्या व्हिम या एडिटरमध्ये ही सीमारेषा उघड दिसते. खिडकीचे सर्वसाधारण तर्क एका फाइलमध्ये, आणि ‘इथे ही ओळ काढ’ असली यंत्रागणिक बदलणारी कामे वेगळ्या फाइलींत. लिनक्सवर खिडक्या काढणाऱ्या जीटीकेची वेगळी, विंडोजची वेगळी. मॅकव्हिम आणखी पुढे गेला. त्यात मजकूर सांभाळणारा व्हिम एक प्रक्रिया म्हणून चालतो आणि खिडकी दुसरी प्रक्रिया म्हणून. मधे रेखाटनाच्या आज्ञांचे गठ्ठे ये-जा करतात. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरने २००९ च्या तेविसाव्या आवृत्तीत आतली साठवण युनिकोडवर आणली आणि २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीत अक्षरजोडणीसाठी हार्फबझ स्वीकारले. व्हिमच्या चौकटी मात्र अजून गेलेल्या नाहीत. जीटीकेची खिडकी असली तरी तो प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीच्या घरात बसवू पाहतो, म्हणून ‘ळ’ आणि ‘क्ष’ दाटीने उभे राहतात. पोर्ट झालेल्या घरात जुनी भिंत कुठे उरली आहे ते अशा ठिकाणी कळते.

मजकूर आणि दृश्य वेगळे ठेवण्याची कल्पना पुण्याची नाही, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७९ च्या सुमारास स्मॉलटॉकसाठी ती मांडली गेली होती, असे कोणी म्हणेल. कल्पनेचा मान तिकडेच जातो. पण इंग्रजी एडिटरला ती न पाळताही चालत होते, आणि असंख्य एडिटर न पाळताच चालले. देवनागरीत ती टाळली की लगेच किंमत मोजावी लागते, म्हणून इकडे ती शिस्त सोय म्हणून न येता गरज म्हणून आली.

युनिकोडने सारे मिटवले, हा समजही अपुरा आहे. ‘शेतकऱ्या’तला र नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असा लिहिता येतो. साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत आणि ‘य’ असाही लिहिता येतो. दिसायला दोन्ही एकच, आणि युनिकोडचे समीकरणाचे नियम त्यांना एक मानत नाहीत. ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, त्याआधी कोणी ‘अ’वर चंद्र देई, कोणी हिंदीसाठी ठेवलेला ‘ऍ’ वापरी, आणि तिन्ही रूपे आजच्या फाइलींत शेजारी शेजारी नांदतात. संकेत जुळवून पाहणाऱ्या साध्या शोधाला ‘ॲड’ मागितले तर बाकीची दोन सापडत नाहीत. ही दुरुस्ती साठवणीत करता येत नाही, कारण तिथे लिहिणाऱ्याचा मजकूर बदलायचा अधिकार एडिटरला नाही. रेखाटनात तर करण्यासारखे काही उरलेलेच नाही, कारण चित्र बरोबरच आहे. ती शोधाच्या थरात करावी लागेल, आणि कोणती रूपे एक धरायची हे ठरवताना वर्णमाला व अक्षररूपे निश्चित करणारा महाराष्ट्र शासनाचा २००९ चा निर्णय कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या टेबलावर असावा लागेल.