कणकेने उतरणारा स्वर

ध्वनी म्हणजे कंप, हे लहान मुलांना शिकवायचे तर आधी प्रयोगशाळा हवी, असे आपण धरून चालतो. बारामतीत 2022 साली विज्ञान व नवोपक्रम केंद्र उभे राहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण बारामती-इंदापूर पट्ट्यात या विषयाची साधने त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत आहेत. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. आज ती पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते आणि तिच्यासोबत टाळ, वीणा, मृदंग चालतात. धातू, तार आणि कातडे, कंपाच्या तीन तऱ्हा. पालखी पुढे निघून गेली तरी ही वाद्ये गावच्या भजनी मंडळात वर्षभर असतात. दोरीला धरलेला टाळ घुमत राहतो आणि मुठीत धरला की गप्प होतो. हात कंप शोषून घेतो, हे पाच वर्षांच्या पोरालाही तळहातावर कळते. मृदंगाच्या डाव्या तोंडावर वादक ओली कणीक थापतो. कातडे जड होते, सावकाश थरथरते, स्वर खाली येतो. थोडी खरवडली की पुन्हा चढतो.

यावर आक्षेप असा की हे कसब झाले, विज्ञान नव्हे; कणीक लावणाऱ्याला कंपसंख्या कुठे ठाऊक असते? आक्षेपात तथ्य आहे. ‘कसे’ येते म्हणून ‘का’ आपोआप येत नाही, ते विचारावेच लागते. पण विज्ञानानेही ते याच वाद्यांना विचारले. साध्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. मृदंग-तबल्याचे मात्र जुळतात, आणि ते कातड्यावर चढवलेल्या काळ्या लेपाच्या, म्हणजे शाईच्या, भारामुळे, हे सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडले. तेव्हा कारागिराचे काम शास्त्रज्ञाच्या आधी झालेले होते. दुसरा आक्षेप देवाच्या वाद्याशी खेळू नये, असा. दिंडीत लहानगी टाळ धरतातच की! मग शाळेला ही वाद्ये दिसली का नाहीत? माझ्या मते कारण जातीच्या इतिहासात आहे. कातडे कमावणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवले आणि धनगरांच्या गजी नाचातला ढोल जत्रेपुरता मानला. ज्यांच्या हातांत हे ज्ञान होते, त्यांना गुरुजींच्या खुर्चीजवळ जागा नव्हती. म्हणून वर्गात नुसता नवा प्रयोगसंच आणून भागणार नाही. मृदंग लावणाऱ्याला तासभर वर्गात बोलवावे, कणीक मुलांच्या हाती द्यावी, आणि प्रत्येक चिमटीआधी त्यांना विचारावे: आता स्वर चढेल की उतरेल, आणि का?