वाहून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी जमते? बरोबर एक लिटर. सातवीतली मुले हे गणित सहज करतात. पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. त्यातले मुरेल किती, वाहील किती, आणि किती वेगाने? इंजिनिअर मंडळी या प्रश्नाच्या मागे दीडशे वर्षे लागली आहेत, आणि त्यातली शंभराहून अधिक वर्षे त्यांनी अर्धाच प्रश्न सोडवला.

आयर्लंडमध्ये १८४०च्या दशकात नद्यांची पात्रे खोल करून पाणथळ जमिनींचा निचरा करण्याची कामे निघाली होती. पात्र किती मोठे करायचे? त्यासाठी पुराचा अंदाज हवा. थॉमस मल्वानी या इंजिनिअरने १८५१ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली मुख्य कल्पना अशी. शाळेच्या मैदानाचा उतार फाटकाकडे आहे असे समजा. पाऊस सुरू होताच फाटकाजवळचे पाणी लगेच बाहेर पडू लागते, पण दूरच्या कोपऱ्यातले पाणी पोचायला, समजा, दहा मिनिटे लागतात. मग सर्व मैदानाचे पाणी एकाच वेळी फाटकातून वाहायला हवे असेल तर पाऊस निदान दहा मिनिटे टिकला पाहिजे. म्हणजे सर्वात मोठा लोंढा कोणत्या पावसाने येईल हे ठरवायला ‘दूरच्या थेंबाचा वेळ’ मोजायला हवा. कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कुणाला का सुचली नाही, असे वाटते.

अमेरिकेत रॉचेस्टर शहराच्या गटारांवर काम करणाऱ्या एमिल कुइकलिंग यांनी १८८९ साली पर्जन्यमापकाचे आकडे आणि गटारातला प्रवाह शेजारी मांडून पाहिला. वस्तीतली जितके टक्के जागा छपरे आणि फरसबंदीने झाकलेली, साधारण तितके टक्के पाणी गटारात येते, असे त्यांना आढळले. यातूनच पुढे सर्व पाठ्यपुस्तकांत गेलेले सूत्र रूढ झाले: प्रवाह = सी × पावसाची तीव्रता × क्षेत्रफळ. यातला ‘सी’ म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याचा अपूर्णांक.

हा अपूर्णांक दिसतो निरुपद्रवी. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि सी = ०.५ धरून केलेली होती. एक हेक्टर जागेसाठी हिशेब करा. सेकंदाला सुमारे ३५ लिटर येतात. म्हणजे अर्धे पाणी जमिनीत मुरेल, असे गृहीत धरले होते. शहर वाढले, मोकळ्या जागा गेल्या, पण वाहिन्या तेवढ्याच राहिल्या. १९९३ सालच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालात तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि सी = १ धरण्याची शिफारस झाली. तोच हेक्टर आता सेकंदाला १३९ लिटर देतो, चौपट! सी = १ याचा अर्थ, या शहरात आता काहीच मुरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही कामे पुरी झालेली नव्हती.

आता त्या राहिलेल्या अर्ध्या प्रश्नाकडे वळू. वरचे सूत्र लोंढ्याचा जोर सांगते. एकूण पाणी किती गेले, ते सांगत नाही. गटार बांधणाऱ्याला त्याची गरजही नव्हती. अमेरिकी भूशास्त्र सर्वेक्षणाच्या लूना लिओपोल्ड यांनी १९६८च्या एका पुस्तिकेत शहरीकरणामुळे ओढ्यांचे काय होते ते मांडले. पूर वाढतात आणि काठ खचतात, तसेच मुरणारे पाणी घटल्याने कोरड्या दिवसांतला प्रवाह आटतो. त्यानंतर अनेक ठिकाणी नव्या वसाहतींना तळी खोदायला लावले. पाणी थोपवायचे आणि हळूहळू सोडायचे. पण अशाने लोंढा बुटका होतो आणि लांबतो. पाणी कमी होत नाही. थोपवलेले पाणी नदीचा वरचा पूर येण्याच्या वेळीच सुटले तर खालच्या गावाचे संकट वाढते. मेरीलँड विद्यापीठाचे रिचर्ड मॅक्युएन यांनी १९७४ सालीच हे दाखवून दिले होते.

त्याच मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९०च्या सुमारास वेगळा प्रयोग झाला. मोठ्या तळ्याऐवजी घरोघरी बागेत उथळ खळगे केले, त्यांत वाळूमिश्रित माती आणि झाडे घातली. पाणी जिथे पडते तिथेच मुरवायचे. (शेताला बांध घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात फार नवल वाटणार नाही.)

हा विचार पुढे हरित इमारतींच्या मानांकनात आला. अमेरिकेतल्या ‘लीड’ या मानांकनाच्या २००५ सालच्या आवृत्तीत पावसाच्या पाण्याच्या ‘प्रमाणा’साठी एक स्वतंत्र गुण होता. जागा निम्म्यापर्यंतच झाकलेली असेल तर बांधकामानंतर लोंढ्याचा जोर आणि एकूण पाणी, दोन्ही आधीपेक्षा वाढता कामा नयेत. निम्म्याहून अधिक झाकलेली असेल तर एकूण पाणी २५ टक्क्यांनी घटवायचे. जोर आणि प्रमाण एकाच नियमात आले, ही मोठीच गोष्ट. भारतात या मानांकनाची प्लॅटिनम श्रेणी २००३ साली हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला मिळाली. तिथे पाणी मुरू देणारी जाळीदार फरसबंदी आहे.

माझ्या मते त्या नियमात दोन उणिवा होत्या. ‘आधी’ म्हणजे बांधकामापूर्वीची स्थिती. तिथे आधीच डांबरी वाहनतळ असेल तर तुलना डांबराशीच. आणि मोजमाप होते एक-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचे. २६ जुलैसारख्या दिवशी असे मानांकन उपयोगी पडेल अशी आशा कुणी धरू नये.

२०१३च्या आवृत्तीत नियम बदलला. त्याच्या नावातले ‘वादळी पाणी’ जाऊन ‘पावसाचे पाणी’ आले, आणि कसोटी झाली लहानमोठ्या रोजच्या पावसाची: १०० पैकी ९५ वेळा जेवढा किंवा त्याहून कमी पाऊस पडतो, तेवढा आवारातच जिरवायचा.

हा आकडा वर्गात काढता येतो. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या दहा-वीस वर्षांच्या नोंदी मिळवा. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाचे दिवस तेवढे निवडा आणि चढत्या क्रमाने लावा. असे १००० दिवस निघाले तर ९५०वा आकडा आपला. त्याला छपराच्या चौरस मीटरांनी गुणले की एका दिवसात शाळेच्या छपराचे किती लिटर पाणी आवारात जिरवावे लागेल ते कळते.