नेतृत्वाची कसोटी आणि कर्मवीर भाऊराव पाटील

संस्था स्थापन करणे एकवेळ सोपे. पिढ्यान्‌पिढ्या ती चालविणारे नेतृत्व लाभणे दुर्लभ. खरा नेता कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच समाजात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील डोळ्यांसमोर उभे राहतात.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकत असता ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. हा इतिहास आपणांस सुखावणारा नाही. तथापि तो विसरताही कामा नये. ज्या भेदापायी त्यांना दार बंद झाले, तो भेदच नसलेले वसतिगृह त्यांनी पुढे उभारले.

ओगले काच कारखाना व किर्लोस्कर यांच्या मालाच्या विक्रीनिमित्त खेडोपाडी हिंडताना त्यांनी रयतेचे अज्ञान जवळून पाहिले. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस बसत आणि श्रम करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले.

मुलांच्या अन्नासाठी पैसा उरला नाही, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने व अखेरीस मंगळसूत्रही दिले. अपरिग्रहाचे याहून मोठे आचरण कोणते? व्यापारात प्रथम स्वतःचे भांडवल घालावे लागते, मगच लोक विश्वासाने ठेव ठेवतात. नेतृत्वाचाही हाच हिशेब आहे.

आपल्या रत्नागिरीतही दानशूर भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने उभारलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व हिंदूंना खुले झाले. तेथेही आधी स्वतःचे धन वेचले गेले आणि दार सर्व जातींना उघडले.

९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले; संस्था मात्र वटवृक्षाप्रमाणे विस्तारत राहिली. स्वतःपासून त्याग, सर्वांस समान स्थान आणि आपल्या पश्चातही चालेल अशी व्यवस्था, ही नेतृत्वाची त्रिसूत्री होय. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या विश्वस्त मंडळाने व तरुण पिढीने याच कसोटीवर स्वतःस पारखावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!