भाकरी

भाकरी (बोलीभाषेत भाकर) म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा तांदूळ यांच्या पिठाची, तेल-तुपाशिवाय हाताने थापून तव्यावर आणि विस्तवावर भाजलेली गोल रोटी होय. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ती शतकानुशतके रोजचे मुख्य अन्न होती. ‘पोटाची भाकरी’ या शब्दप्रयोगात तर ती उपजीविकेचाच पर्याय झाली आहे. उत्तर कर्नाटकात ज्वारीच्या भाकरीला ‘जोळद रोट्टी’, तर गुजरातेत बाजरीच्या भाकरीला ‘रोटलो’ म्हणतात. गुजरातेतील ‘भाखरी’ मात्र गव्हाची आणि मोहन घातलेली असते. नामसाम्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ नये.

प्रदेश आणि प्रकार

भाकरीचे धान्य जमीन व पाऊस यांवर ठरते. सोलापूर, मराठवाडा येथील काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी पिकते. त्यातील ‘मालदांडी’ हे वाण भाकरीसाठी विशेष नावाजलेले असून मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सोलापुरात पातळ थापून वाळवलेली ‘कडक भाकरी’ बरेच दिवस टिकते. नाशिक-अहिल्यानगरच्या हलक्या जमिनींत बाजरी, कोकणात तांदूळ व नाचणी. खानदेशात ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीवर तीळ लावण्याची प्रथा आहे.

कृती

या धान्यांत ग्लुटेन नसते. त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखा लवचीकपणा पिठाला आपोआप येत नाही. तो उष्णता आणि मळणे यांनी आणावा लागतो. गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुगून चिकट होतो. तांदळाच्या व नाचणीच्या पिठाची म्हणूनच पुष्कळदा आधी उकड काढतात. पीठ परातीत किंवा लाकडी काठवटीत तळहाताच्या टाचेने रगडून मळतात, आणि तेही एका वेळी एकाच भाकरीपुरते. गोळा कोरड्या पिठावर ठेवून बोटांच्या हलक्या थापांनी फिरवत मोठा केला जातो. तव्यावर टाकल्यावर वरच्या, पीठ लागलेल्या बाजूस पाण्याचा हात फिरवतात. त्याने कोरडे पीठ धुऊन निघते व भाकरीला चिरा पडत नाहीत. पाणी सुकू लागताच, पूर्ण वाळण्यापूर्वी, ती उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की भाकरी थेट आचेवर किंवा चुलीपुढील निखाऱ्यांवर धरतात. आतील वाफेने ती फुगते आणि वरचा पापुद्रा सुटतो.

नवशिक्यांची भाकरी तुटते तेव्हा दोष बहुधा हाताला दिला जातो, पण तो पुष्कळदा पिठाचा असतो. दळून फार दिवस झालेल्या पिठाची ‘विरी’ जाते, म्हणजे ते एकजीव राहत नाही. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर खवट व कडू होते. म्हणून ते आठवड्यापुरतेच दळून आणणे बरे.

आहारमूल्य

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (हैदराबाद) २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गव्हाच्या कणकेत ते ३१ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. बाजरीत लोह सुमारे ६.४ मिलिग्रॅम, म्हणजे कणकेच्या जवळपास दीडपट. ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व तितकेच तंतू असतात.

या आकड्यांवरून भाकरीला औषध ठरवण्याची अलीकडची हौस मात्र तपासून घ्यावी लागते. चोकरासह कणकेची पोळी तंतूंच्या बाबतीत ज्वारीच्या भाकरीहून कमी नाही. ज्वारीत पिष्टमय पदार्थही सुमारे ६८ टक्के आहेत. ‘भाकरीने साखर वाढत नाही’ ही समजूत मधुमेही व्यक्तीला महागात पडू शकते. किती भाकरी खाल्ली आणि सोबत काय खाल्ले, हे तेथे निर्णायक ठरते. बाजरीतील लोह फायटेटमुळे पूर्ण शोषले जात नाही. लिंबू किंवा कच्च्या कोशिंबिरीतील क जीवनसत्त्वाने शोषण सुधारते, तर जेवणालगतच्या चहाने घटते. आयोडीन अपुरे मिळत असताना रोजचे मुख्य अन्न बाजरीच असेल, तर तिच्यातील काही घटक अवटू ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणू शकतात.

सीलिअ‍ॅक रोग असलेल्यांना मात्र भाकरी खरोखर आधार आहे. त्यांना गहू वर्ज्य असतो. तरीही ज्या गिरणीत गहू दळला जातो तिथेच ज्वारी दळून आणली तर जात्यात उरलेले गव्हाचे पीठ तिच्यात मिसळते. अशा घरी स्वतंत्र दळणाची सोय असणे आवश्यक आहे.

समाज आणि भाषा

पोळी सणाची आणि भाकरी रोजची, ही विभागणी स्वस्त गहू घरोघर पोहोचल्यावर उलटी झाली. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना राबवली होती. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते. शहरी उपाहारगृहांत आज भाकरी बहुधा पोळीपेक्षा महाग मिळते.

मराठीत ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ म्हणजे स्वतःचा लाभ नसताना इतरांसाठी राबणे. ‘भाकरी फिरवणे’ हा प्रयोग राजकारणात पदाधिकारी बदलण्यासाठी रूढ झाला आहे. वेळीच न फिरवलेली भाकरी करपते, हा त्याचा आधार. भाकरीच्या चौथ्या भागास ‘चतकोर’ म्हणतात.