मुसीचे ओघ आणि नगराची स्मृती

नदीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने केवळ नदीच्या काठी उभे राहून भागत नाही. तिला पाणी आणून देणारे ओहोळ आणि त्यांच्या वाटेवरील तलाव यांचीही विचारपूस त्याला करावी लागते. हैदराबादच्या मुसीविषयी तर हे विशेषच खरे आहे.

अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावलेल्या मुसीला नगराच्या वरच्या अंगास ईसी नदी येऊन मिळते. या खोऱ्यात पाऊस बेताचा. म्हणून पूर्वजांनी ओहोळाओहोळावर मातीचे बांध घालून तलावांच्या साखळ्या निर्माण केल्या. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून वाहिलेले पाणी खालच्या तलावात साठे. १५९१ साली नगर वसले ते अशा पाण्याच्या आधारावर.

परंतु जी साखळी तारते तीच कधी मारतेही. सप्टेंबर १९०८ मध्ये शमशाबाद येथे चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस कोसळला. खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले. त्यांतील १८२ एकट्या ईसीच्या खोऱ्यातील होते. एका तलावाचे पाणी दुसऱ्यावर आदळत गेले आणि २८ तारखेच्या त्या प्रलयात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. अफझलगंजच्या ज्या चिंचेने सुमारे दीडशे जीव आपल्या फांद्यांवर वाचविले, तिची कथा आजही सांगितली जाते.

खडकवासल्याच्या धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविणारे विश्वेश्वरय्या १९०९ साली हैदराबादेस आले. नगराचे रक्षण नगरात नव्हे, तर वरच्या खोऱ्यात करावयाचे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यानुसार १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर व १९२७ मध्ये ईसीवर हिमायतसागर पूर्ण झाला. पूर आवरला गेला आणि पिण्याचे पाणीही मिळाले.

मात्र भयाबरोबर स्मृतीही ओसरली. पात्र रोडावले, तेव्हा ती जमीन मोकळीच आहे असे लोक मानू लागले. तलावांच्या पोटात वस्त्या उठल्या, नाले अरुंद झाले आणि नदीत सांडपाणी वाहू लागले. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत दोन्ही धरणे उभी होती. तरीही कित्येक मोहल्ले बुडाले. कारण काही तलावांचे बांध फुटले आणि कोंडलेल्या नाल्यांना आपली जुनी वाट शोधावी लागली. मोठ्या नदीचा बंदोबस्त झाला होता. लहान ओघांचा विसर पडला होता.

आम्हां शिक्षकांना यात एक कर्तव्य दिसते. विद्यार्थ्यांना नद्यांची नावे आपण पाठ करवितो. पण शाळेच्या भिंतीमागून जाणारा नाला कोठून येतो व कोठे जातो, हे किती मुलांना सांगता येईल? तो नाला एकदा त्यांच्यासह उगमापर्यंत चालून पाहावा. इतिहासाचा याहून जवळचा धडा दुसरा नाही.